टाके

द्वारकाबाईंची बाळंतीण सून दुपारी स्वतःच चालत दवाखान्यातल्या खोलीत आली. प्रसूतीत लावलेल्या मऊ यांत्रिक पट्ट्यानं तिला साधं खरचटूही दिलं नव्हतं. हल्ली बाळंतपणात कुणालाच जखम होत नसे.

द्वारकाबाईंनी तरुण डॉक्टर केतकीला एकटं गाठलं. "माझ्या बाळंतपणातली जखम नीट शिवली गेली नाही. तेव्हापासून शौचावर ताबा नाही. घरात कुणाला सांगितलं नाही मी."

केतकीनं तपासलं आणि ती ओशाळली. "आजी, अशी जखम मी पहिल्यांदाच पाहतेय. हे टाके घालणारं आता कुणी उरलं नाही."

"राहू दे, बाळा."

खोलीत सून म्हणाली, "आई, सव्वा महिन्यानं सगळे कुलदैवताला जाऊ."

"तुम्ही जाऊन या," द्वारकाबाई म्हणाल्या. "मी घर सांभाळते."