डब्यातले वाटाणे

डब्यावरच्या चित्रात वाटाणे टपोरे, हिरवेगार होते. तिने डबा वाडग्यात उपडा केला, तर निघालं भरपूर गढूळ पाणी आणि मागून राखाडी लगदा.

सासरे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. त्यांनी चष्मा पुसून वाडग्यात पाहिलं, मग डब्यावरच्या चित्राकडे.

"चित्र काढणाऱ्याला बक्षीस द्यायला हवं," ते म्हणाले.

एरवी ती हसली असती. आज नुसती वाडग्याकडे बघत राहिली. शिलाईच्या कारखान्यातून येताना भाजी निवडून घ्यायचं त्राण नव्हतं, म्हणून हाताला लागला तो डबा तिने उचलला होता.

"टाकून दे. घरात काय आहे?"

घरात दोन बटाटे होते, अर्धा कांदा, एक अंडं आणि कडक झालेला सकाळचा पाव. तिने बटाटे सोलायला घेतले. सासऱ्यांनी स्टूल ओढलं आणि पावाचे तुकडे करायला बसले. चाळीस वर्षं पुस्तकांची बांधणी केलेला माणूस. पावाचे तुकडेही एका मापाचे पडत होते.

कांदा परतताना तिचे डोळे भरून आले. कांदा होता म्हणून बरं.

दुपारी कारखान्याच्या ऑफिसात तिच्यासाठी फोन आला होता. तिचा नवरा मालवाहू बोटीवर इंजिन दुरुस्तीचं काम करायचा. इंजिनाच्या खोलीत आग लागली. तो वाचला नाही. पलीकडचा माणूस पुढे बरंच काही बोलला, तिने फक्त "हो, हो" म्हटलं.

घरी येईपर्यंत तिने एवढंच ठरवलं होतं, की म्हाताऱ्याच्या पोटात आधी चार घास जाऊ देत. गेल्या महिन्यात उपाशीपोटी चक्कर येऊन ते न्हाणीघरात पडले होते. हृदय आधीच नाजूक. जेवण होईल, गोळी होईल, आठ वाजता शेजारची नर्स येईल. मग सांगायचं.

तिने बटाट्यात पाव घातला, वरून अंडं फोडलं, मीठ-मिरी टाकून हलवलं आणि त्यांच्यापुरतं ताटात वाढलं.

"तुझं ताट?"

"मला भूक नाही, बाबा. कारखान्यात खाल्लं."

"मग मलाही नको. एकट्याला घास जात नाही."

तिने नाइलाजाने स्वतःला वाढून घेतलं. रोज पहिल्या घासाला ते विचारायचे, पोराचा फोन आला का. आज विचारलं नाही, तेव्हा तिला सुटल्यासारखं झालं. ते खालच्या मजल्यावरच्या शिंप्याच्या भांडखोर मांजराबद्दल बोलत राहिले. एरवी चिमणीएवढं खाणारा माणूस आज दुसऱ्यांदा मागून घेत होता.

"झकास झालंय. थोडं अजून घे बरं."

"पुरे झालं."

"एक चमचा. माझ्यासाठी."

तिने घेतलं. एकेक घास ती पाण्याबरोबर उतरवत होती, आणि ते समोर बसून तिचं ताट रिकामं होईपर्यंत बोलत होते.

मग त्यांनी गोळी घेतली. दोन्ही ताटं स्वतः उचलून धुतली. पावणेआठ झाले होते. नर्सची वाट बघणं तिला जमेना.

"बाबा, जरा बसता का? मला तुम्हाला काही सांगायचंय."

ते तिच्या शेजारी बसले. ओला हात सदऱ्याला पुसून त्यांनी तिच्या डोक्यावर ठेवला.

"सांगू नकोस, पोरी," ते म्हणाले. "सकाळी फोन आधी इथेच आला होता. मीच त्यांना म्हटलं, तिला जेवणाच्या सुट्टीनंतर कळवा."