उस्तादांचा कान

“पुन्हा एकदा दे,” उस्ताद म्हणाले.

गॅरेजमध्ये मदतीला असलेल्या त्यांच्या मुलीने थ्रॉटल पिळला. स्टँडवरची लाल इटालियन गाडी गरजली. जगात अशा पाचशेच होत्या. हँडलच्या पट्टीवर हिचा नंबर कोरलेला, दोनशे अकरा. कार्बनची चाकं, दोनशेवर हॉर्सपॉवर, आणि बसायला जागा एकाचीच. उस्तादांनी इंजिनाला जवळजवळ गाल लावला.

“क्लच दाबल्यावर खडखडतं, ते मला माहीत आहे,” गाडीच्या मालकीण डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “ड्राय क्लच तसाच वाजतो. हे वेगळं आहे. सहा हजार आरपीएमच्या पुढे मागून काहीतरी किरकिरतं. उद्या ट्रॅकवर मला ही ताशी तीनशेला न्यायचीय.”

चाळीस वर्षं लोक उस्तादांच्या कानावर गाड्या सोपवत आले होते. खोलून न बघता ते दुखणं सांगायचे. आता त्यांना नुसता जाड घुमारा येत होता, रजई पांघरून ऐकल्यासारखा. माणसांचं बोलणंही ते ओठ बघून जुळवायचे. त्यांनी दोनदा हात पुसले. पाना उचलला, पुन्हा ठेवला. मुलीकडे बघायचं टाळलं.

“काही नाही,” ते म्हणाले. “एवढ्या ताकदीची गाडी, थोडंफार वाजणारच. बिनधास्त न्या.”

“तुम्ही म्हणताय म्हणजे झालं.”

मुलीने इंजिन बंद केलं, गाडी स्टँडवरून उतरवली. बाईंनी हेल्मेट चढवलं, ग्लोव्हज घातले, सीटवर बसल्या. उस्ताद दारापर्यंत गेले, तिथून माघारी आले. त्यांच्या एका वाक्याच्या भरवशावर ही बाई उद्या तीनशेच्या वेगात सुटणार होती.

ते गाडीच्या पुढ्यात येऊन उभे राहिले. हेडलाइटवर हात ठेवला.

“उतरा, डॉक्टर. मी खोटं बोललो. मला नीट ऐकूच येत नाही. दीड वर्ष झालं.”

मग मुलगी पुढे आली आणि तिने मूठ उघडली. तळहातावर गाडीचा फ्यूज होता. इंजिन बंद केल्यावर तिनेच तो काढून घेतला होता.

“किरकिर चेनच्या बाजूला आहे, मी सकाळीच ऐकली,” ती त्यांच्यासमोर उभी राहून एकेक शब्द सुटा करत म्हणाली. “गाडी आज जाणार नव्हतीच, बाबा. मी फक्त तुमची वाट बघत होते.”