अर्धवट वाक्य

सात महिने तिने एकाच गोष्टीपायी डोकेफोड केली होती. लिहिण्याच्या त्या सॉफ्टवेअरमध्ये एका विंडोतला टॅब माउसने ओढून दुसऱ्या विंडोत टाकला, की आतला मजकूर जसाच्या तसा जायला हवा. अर्धवट वाक्य आणि लुकलुकत्या कर्सरसकट.

साहेबांनी तेव्हा तिला उडवून लावलं होतं. "अर्धवट लिहिलेलं गेलं तर गेलं! कोण रडत बसणारे त्याच्यासाठी?" ती हट्टाला पेटली, भांडली, सुट्टीच्या दिवशी येऊन राबली आणि करून दाखवलं.

आणि आज तेच साहेब ग्राहकांसमोर छाती फुगवून सांगत होते, "हे सगळं मी एकट्याने केलं बरं का!" मागच्या खुर्चीत तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

बोलण्याच्या भरात साहेबांनी लॅपटॉपकडे नीट न बघताच टॅब ओढला. हाती लागला शेजारचाच, आणि तो थेट भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावरच्या विंडोत जाऊन पडला. त्यात साहेबांनी सकाळी लिहायला घेतलेलं पत्र होतं: 'टॅबचं काम त्या बाईंनी एकटीने केलं, पण ते आता संपलंय. आजचा सौदा ठरला की त्यांना काढून टाकू. कारण विचारलं तर सांगा, काम जमत नाही आणि'

पुढे कर्सर लुकलुकत होता.

ती उठून उभी राहिली.


"बघितलंत? एक अक्षरसुद्धा सांडलं नाही. साहेब, आता सगळ्यांसमोर पुरं करा ते वाक्य!"