दोन हॉर्न

भोंगा वाजला तसा एलिएसेर लाकडाच्या वखारीतलं काम टाकून पळाला आणि त्यानं आगीचा बंब बाहेर काढला. चिलीतल्या त्या खेड्यात बंबावरचे सगळे असेच, आपापली कामं टाकून फुकट धावणारे. डोंगरावरचं पाइनचं रान पेटलं होतं. अख्खी दरी धुरानं भरली होती.

सकाळीच बायकोशी वाजलं होतं. "घरात बाप अंथरुणाला खिळलाय, आणि तुम्ही धावता गावाच्या आगी विझवायला!" नोएमी फणकारली होती.

तरी बंब घरावरून जाताना ती दर वेळी फाटकात येऊन एप्रन हलवायची आणि एलिएसेर एक लांब हॉर्न द्यायचा. आज तर ती पार रस्त्यावर आली होती. दोन्ही हातांनी एप्रन हलवत काहीतरी ओरडत होती, पण बंबाच्या भोंग्यापुढे कुणाला काय ऐकू येणार? एलिएसेरनं तिला वळसा घालून बंब पुढे काढला.

"दादा, वहिनी आज भलत्याच रंगात आहेत!" मागून बंबावरचा ओस्मान हसला.

"राग गेला म्हणायचा," असं म्हणत एलिएसेरनं खुशीत एकाऐवजी दोन हॉर्न दिले.

डोंगराच्या पायथ्याशी वायरलेस खरखरला. बंबाच्या ठाण्यावरच्या पोरीला रडू आवरत नव्हतं.

"एलिएसेरदादा, बंब मागे फिरवा. तुमचं घर पेटलंय."

"नोएमी कुठाय?"

"बंब थांबत नाही बघून त्या एकट्याच आत शिरल्यात, बाबांना आणायला."