धुक्यातली उतरण

चीनच्या लढाईतून आकाराम रजेवर आला, तेव्हा नवस फेडायला तो आणि त्याची बायको बनुबाई डोंगरावरच्या देवीला निघाले. चढताना ऊन होतं. माथ्याजवळ एकाएकी ढग उतरले आणि पायवाट दिसेनाशी झाली.

आकाराम मटकन खाली बसला. त्यानं बनुबाईचा पदर घट्ट धरला.

"हलू नगंस. पुढं बरफ हाय. समदी पोरं त्यातच गेली."

नवऱ्याला असं बनुबाईनं कधीच पाहिलं नव्हतं.

"आवं, आपला डोंगर हाय ह्यो. उठा," म्हणत तिनं त्याचा हात धरला आणि चाचपडत एकेक पाऊल खाली आणलं.

पायथ्याशी दीर वाट बघत होता.

"वयनी, एवढा उशीर?"

"ढग बघून मी लय भ्याले, भावजी. ह्यांनीच धरून आणलं मला."