घरटी एक

थोरला दोन पावलं मागून चालत होता, आणि तेही मुद्दाम. पुढे धाकटा होता. अंगावर कडक इस्त्रीचा लष्करी गणवेश, डोकं नुकतंच भादरलेलं, हातात पत्र्याची ट्रंक. या अवतारातल्या माणसाबरोबर आपल्याला कुणी पाहू नये, असं थोरल्याला मनापासून वाटत होतं. घरातून निघताना तो म्हणालाही होता, "टॅक्सी करू." धाकटा म्हणाला, "चालत जाऊ ना. आता बसूनच जायचंय." त्यामुळे भर बाजारातून जाणं आलं. शाळेचं मैदान बाजाराच्या पलीकडे होतं आणि भरतीचे ट्रक तिथून सुटणार होते.

थोरला चष्म्याच्या दुकानात काम करायचा आणि संध्याकाळी शांतता मंडळात भाषणं करायचा. बोलायचा छान. त्याच्या भाषणात बायका डोळे पुसत आणि पुरुष उगाचच घसा खाकरत. लढाई सुरू झाली आणि सरकारचा नियम आला: घरटी एक तरुण. ज्या घरात दोन मुलगे, त्या घराला एक नकार देता येई. दुसऱ्याला मात्र जावंच लागे.

ज्या दिवशी नोटीस आली, त्या रात्री सगळे जेवायला बसले आणि आईने वाढायला घेण्याआधीच थोरला उभा राहिला. "मी माणसावर बंदूक उचलणार नाही. तुरुंगात टाकलं तरी चालेल." तुरुंगात कुणी टाकणार नव्हतं, नियमात नकाराची सोयच होती, पण वाक्य चांगलं होतं. बाबांची मान ताठ झाली. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. मग सगळे धाकट्याकडे बघायला लागले. तो म्हणाला, "बरं. मग मी जातो." आणि त्याने मीठ मागितलं.

यात कुणाला काही खटकलं नाही. धाकटा घरसामान हलवणाऱ्या कंपनीत होता. जिन्यावरून कपाट उतरवताना जड बाजू खालच्या माणसावर येते, आणि खाली नेहमी हाच असायचा. शाळेतल्या त्याच्या मारामाऱ्याही गाजलेल्या. त्यातल्या निम्म्या दादाला 'चष्मिष्ट' म्हणणाऱ्यांशी झाल्या होत्या, पण एवढं जुनं कोण लक्षात ठेवतो? "त्याला काय, पडत्या फळाची आज्ञा," असं थोरल्याने स्वतःला समजावलं होतं. मंडळात त्याच्या नकाराचं भरपूर कौतुक झालं. मग गेलं कोण, हे तिथे कुणी विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही.

बाजाराच्या कोपऱ्यावर नेमक्या मंडळाच्या सेक्रेटरीबाई समोर आल्या. हातात भाजीची पिशवी होती. थोरल्याला पाहून त्यांचा चेहरा खुलला.

"अहो, तुमचं परवाचं भाषण अजून कानात आहे. घराघरात तुमच्यासारखा एकेक मुलगा निघाला, तर या लढाया होतील कशाला?"

मग त्यांची नजर गणवेशाकडे गेली. नुकत्याच पुसलेल्या फरशीवर कुणी चिखलाचे पाय घेऊन यावं, तसं त्यांनी पाहिलं. "हे कोण?"

"शेजारचा मुलगा," थोरल्याच्या तोंडून निघून गेलं. "वाटेत भेटला."

धाकट्याने ट्रंक या हातातून त्या हातात घेतली आणि बाईंकडे पाहून मान लववली. बाईंनी आवाज खाली आणला, पण फार नाही. "वाईट वाटतं हो. घरी संस्कार नसले की मुलं अशी वाहवत जातात."

"हो ना," थोरला म्हणाला.

बाई गेल्या. थोरल्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता तो धाकट्याच्या बरोबरीने चालायला लागला, पण तेवढ्याने ती लाज जाणारी नव्हती. एरवी तो सभा गाजवायचा. चुकलं रे माझं, एवढे तीन शब्द काही केल्या बाहेर येईनात.

शेवटी धाकटाच बोलला. "बरं केलंस दादा. उगाच त्यांना उत्तरं देत बसावं लागलं असतं तुला."

याच्यापेक्षा त्याने चारचौघांत एक ठेवून दिली असती, तर थोरल्याला सोसलं असतं. मैदान आलं. ट्रक उभे होते, एक हवालदार नावं पुकारत होता, आया मुलांच्या कॉलरी उगाचच सारख्या करत होत्या. लाज असह्य झाली की माणूस समोरच्यावरच चिडतो. थोरल्याने धाकट्याची बाही धरली.

"तुला कुणी जबरदस्ती केली होती का रे? मला काय माहीत तुझ्या मनात काय आहे ते? त्या रात्री जेवताना एकदा तरी तोंड उघडायचं होतंस."

धाकट्याने त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. राग असता तर फार बरं झालं असतं.

"उघडणारच होतो," तो म्हणाला. "नोटीस आल्याचं बाबांनी कामावर फोन करून सांगितलं होतं. मग दिवसभर जिने चढता-उतरता तेच घोकत होतो, घरी गेल्यावर कसं सांगायचं ते. मला तुझ्यासारखं पटकन बोलता येत नाही ना." हवालदाराने त्याचं नाव पुकारलं. त्याने ट्रंक उचलली. "घराला एकच नकार होता, दादा. मी तोंड उघडेपर्यंत तो तू घेतलास."