कार्यक्रमानंतर

निरोपाची शाल कौशल्याच्या खांद्यावरून घसरत होती आणि साहेबांचं भाषण काही केल्या संपत नव्हतं. "कौशल्या मॅडमनी सगळ्या सरकारी खात्यांची माहिती जोडली! एकीकडे नोंद झाली की क्षणात सगळीकडे कळतं!" टाळ्या पडल्या. कौशल्याची नजर दारातल्या धोंडबावर होती. सावनेरकडून आलेल्या त्या म्हाताऱ्याला सकाळी तिनंच 'कार्यक्रमानंतर बघते' म्हणून थांबवलं होतं. न राहवून ती भाषणातच उठली, नारळ खुर्चीत ठेवून. "बोला, बाबाजी." "गावच्या नोंदीत मले चुकीनं मेला दाखवलं. पयले एकाच हापिसात मेलो होतो. तुमच्या जोडणीनं आता राशन, ब्यांक, साऱ्याच जागी मेलो!" दुरुस्ती दोन मिनिटांची होती. तिनं धावत जाऊन संगणकावर पासवर्ड टाकला. 'अधिकारी सेवानिवृत्त. प्रवेश बंद.' तिच्या निवृत्तीची नोंद दुपारीच झाली होती. धोंडबा वाकून बघत म्हणाला, "तुमालेबी मारलं का, मॅडम?"